एक सूत

कॅमेरा मिटला की पेटी होते,
पानाच्या डब्याहून थोडी मोठी,
सागवानी, पितळी कडीची.
आत भाता घडी घालून बसतो
आणि भात्यापुढे जी जागा उरते
ती मी पट्टीने मोजली आहे, पुन्हा पुन्हा,
जणू एखाद्या दिवशी वाढलेली असेल:
पाच सेंटिमीटर, वर दोन रेषा.

तेवढ्यात मावेल ते भिंग हवं.
बाकी अटी नंतर.

मेवेकरींनी लक्ष्मीपुरीतल्या माडीवर
उशीच्या अभ्र्यावर तीन मांडली.
पहिलं बशीएवढं. त्यातून पाहिलं तर
समोरच्या गच्चीवरची टाकी, कावळा, वाळणारे परकर,
सगळं उजेडात न्हालेलं.
दार लावायला गेले, अडलं.
"काढून ठेवायचं वेगळ्या डबीत," मेवेकरी म्हणाले.
वेगळ्या डबीचं काय होतं मला माहीत आहे.
वेगळी डबी घरी राहते.
मसाईच्या पठारावर धुकं, धुक्यात मी,
आणि भिंग कपाटात, साड्यांखाली:
असं एकदा झालंय.

दुसरं चिकूएवढं.
सहज मावलं, वर बोट फिरायला जागा.
पण घासलेल्या काचेवर चारी कोपरे काळे,
भाकरी कडेनं करपावी तसे.
मला कोपरे लागतात.
लग्नाच्या फोटोतसुद्धा माझी नजर आधी जाते
कडेच्या माणसावर, ज्याला कुणीतरी ओढून आणलंय.

तिसरं फोटोग्राफरचं नव्हतंच.
पापाच्या तिकटीजवळच्या एका ब्लॉकमेकरचं.
तीस वर्षं एका चौकटीत खिळलेलं
आणि समोर येत गेले कागद:
लग्नपत्रिका, गूळपेढीची लेबलं,
कुस्ती मैदानाची हँडबिलं, उत्तरकार्याची पत्रं.
सगळं सपाट, सगळं एकाच अंतरावर.
"मंद आहे," मेवेकरी म्हणाले, "नऊच्या पुढे उघडत नाही.
डोळे सरावेपर्यंत फडक्याखाली थांबावं लागेल."
थांबेन, म्हणाले.
किंमत सांगितली, तीही मंद आवाजात.

उद्यमनगरात इलाही मुल्लाणींच्या लेथवर
त्याला शटर बसलं, लाकडी पट्टी बसली.
दार लावलं.

एक सूत.
फक्त एक सूत दार वर राहिलं.

"घासतो की दाराला आतनं,
न्हाईतर रिंगच उतरवतो भिंगाची.
कळायचं न्हाई कुणाला."
कानस हातात घेतलीसुद्धा.
मी पेटीवर पंजा ठेवला.
लेथ थांबलेला. शेजारच्या फाउंड्रीत
कुणीतरी कास्टिंग फोडत होतं.

हिशेबाच्या वहीतनं मान वर न करता
त्यांची तहसीन म्हणाली,
"अब्बा, उलटं लावा की. तोंड आत करून."

पट्टी फिरवली.
भिंग भात्याच्या पोकळीत शिरलं,
जी जागा मी कधी मोजलीच नव्हती,
आणि कडी बसली, टक्.
मुल्लाणींनी चहा सांगितला. मजुरी घेईनात:
काम तिनं केलंय, म्हणाले.
तीही घेईना.

परवा पहाटे मसाईला नेलं.
डिकीत पेटी, पायांशी तिपाई. बस्स.
पट्टी फिरवून त्याचं तोंड बाहेर केलं.
फडक्याखाली आधी काहीच नाही,
नुसता माझ्या श्वासाचा वास, सकाळच्या चहाचा.
मग काचेच्या तळाशी आभाळ उतरलं,
वरून गवत लोंबलं, गवतात एक उलटी म्हैस
आणि पार कोपऱ्यात, कोपरा शाबूत,
डोक्याला टॉवेल बांधलेला तिचा धनी.
मी गोटा फिरवत राहिले:
जवळचा दगड, मग म्हैस, मग पन्हाळ्याची कड.
एक स्पष्ट झालं की दुसरं विरघळायचं.
कागदच पाहिलेल्या भिंगाला हे नवं असावं.
किंवा मलाच.

शटर दाबलं तेव्हा म्हैस हलली.
हलू दे.

मग त्याला परत भिंतीकडे तोंड करून निजवलं,
कडी लावली.
उतारावर एवढे खड्डे,
डिकीत काही खडखडलं नाही.